झग्याखालची दोन मुले

डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ची. २००९मध्ये रॉबर्ट झेमेकिस यांनी तिच्यावर संगणकचित्रपट केला. नटांच्या हालचाली टिपायच्या आणि त्यांवर चित्ररूप चढवायचे, असे हे तंत्र. जिम कॅरीच स्क्रूज, आणि नाताळची तिन्ही भुतेही तोच. मला हे रास्त वाटते. डिकन्सही जाहीर वाचनांत एकटाच सगळी पात्रे उभी करीत असे.

पहिल्या भुताच्या माथ्यातून पुस्तकात प्रकाश उसळतो. त्याच्याजवळ असते मेणबत्ती विझवायच्या टोपणासारखी टोपी. चित्रपटाने त्या भुतालाच ज्योत केले. हे उत्तम वाचन आहे. (स्क्रूज आक्रसून इवलासा होतो तो पाठलाग मात्र निव्वळ भरताड.)

माझी हरकत दुसऱ्या भुतापाशी. त्याच्या झग्याखाली दोन खंगलेली मुले असतात : अज्ञान नावाचा मुलगा, दैन्य नावाची मुलगी. पुस्तकात ती मुलेच राहतात. पडद्यावर ती डोळ्यांदेखत वाढतात : तो गजांआडचा गुंड होतो, ती हात जखडणाऱ्या कोटात. प्रसंग अंगावर येतो, पण भीतीची दिशा फिरते. पुस्तकात आपण मुलांसाठी भितो, इथे मुलांनाच. पुस्तकातला स्क्रूज विचारतो, यांना आसरा नाही का? भूत त्याला त्याचेच शब्द ऐकवते, देणगी मागणाऱ्यांना त्याने सुनावलेले : तुरुंग नाहीत का? पोराकडे पाहताना हे शब्द बोचतात. गुंडाकडे पाहताना मात्र ते बरोबरच वाटू लागतात.