गळ्यावर वळ नाही म्हणून...

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



केंद्रावर आलेल्या बाईला आपण विचारतो, "मारहाण होते का?" ती म्हणते, "नाही ताई, फक्त गळा धरला." या 'फक्त'बद्दल मला आज बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. पण दवाखान्यात जायचं की नाही, हे पुष्कळदा आपल्यासमोरच ठरतं.

गळा दाबला की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. अमेरिकेत सॅन दिएगोच्या पोलिसांकडील अशा ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर दिसण्याजोगी खूणच नव्हती. तेव्हा नुसते वळ शोधू नका, विचारा. आवाज बसला का? गिळताना दुखतं का? धाप लागते का? शुद्ध गेली होती का? कपड्यात लघवी झाली होती का? हे ती लाजेपोटी आपणहून सांगत नाही. डोळ्यांत, पापण्यांवर लाल ठिपके आहेत का तेही पाहा. यातलं एक जरी असलं तरी लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल, तर काही दिवसांनंतरही अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो.

जिन्यावरून ढकललेल्या बाईची मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा ती बेशुद्ध असेल, तर तिला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. आहे त्या स्थितीत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, दुसरीला १०८ वर फोन करायला सांगा. उलटी झाली तर तिघीचौघींनी मिळून डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. श्वास थांबला तर मात्र आधी श्वास, मग मान.

रुग्णालयात केसपेपरवर 'पडली' असं लिहू देऊ नका. गळा कोणी, केव्हा, हाताने की ओढणीने दाबला, ते लिहून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे बाईने मागितलेले उपचार रुग्णालयाला द्यावेच लागतात.

२००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका सातपट आढळला. म्हणजे गळा धरणं ही पुढच्या खुनाची सूचना असू शकते. आपल्या नोंदवहीत आजपासून एक रकाना वाढवू या: 'गळा दाबला होता का?'