फोन अडला तर



आज आपण फोनविषयी बोलू. फोन म्हणजे बोट फिरवून चालतो तो, खिशातला. तो आता घरोघर झाला आहे. चालतो तोवर कोणाची तक्रार नाही. अडला की मात्र माणूस घाबरतो आणि समोर दिसेल त्याच्या हाती देतो.

आपल्या वर्गातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. गाव चिखली तालुक्यातले. दोन एकर सोयाबीन. मागच्या पावसाळ्यात काकू वावरात पीक पाहणी करायला गेल्या. पूर्वी हे काम तलाठ्याचे होते. कोणत्या वावरात कोणते पीक, ते तोच लिहून घेई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्याने आपल्या वावरात उभे राहून फोनने पिकाचा फोटो काढायचा. मग सात-बाऱ्यावर पिकाची नोंद होते. ही नोंद नसली तर सरकारी खरेदीला सोयाबीन देताना अडते. नुकसानीची मदत मागतानाही अडते. शिवाय कामाला मुदत असते.

काकूंच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. त्यांनी बटण दाबले. फोटो निघेना. पुन्हा दाबले. फोन सांगे, जागा शिल्लक नाही. काकू माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, फोन बिघडला. मले आता नवा घ्या लागते काय?"

फोन बिघडला नव्हता. कणगी भरली होती. फोनच्या पोटात ठरावीक जागा असते. रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, लग्नाचे व्हिडिओ येतात. ते पाहून झाले तरी आतच राहतात. काकूंनी गॅलरी उघडली. नको त्या फोटोवर बोट दाबून धरले, मग कचरापेटीचे चित्र दाबले. नातवाचे फोटो तेवढे ठेवले. तरी जागा होईना! पुष्कळ फोनांत पुसलेले फोटो काही दिवस 'ट्रॅश' नावाच्या कप्प्यात पडून राहतात. तो कप्पा रिकामा केला, तेव्हा जागा झाली.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा वावरात गेल्या, मीही सोबत गेलो. आता फोन म्हणतो, तुम्ही वावरापासून दूर आहात. काकू तर स्वतःच्या बांधावर, बाभळीखाली उभ्या! फोनला आपली जागा कशी कळते? आकाशात सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात. त्यांचे संकेत घेऊन फोन हिशेब करतो. निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. दाट झाडाखाली किंवा पत्र्याखाली ते नीट पोचत नाहीत. म्हणून फोनातले 'लोकेशन' चालू करावे, मोकळ्या आभाळाखाली यावे, दोन-तीन मिनिटे थांबावे. काकू पिकात आल्या आणि काम झाले. वावरात रेंज नव्हती, पण उपग्रहाला रेंज लागत नाही. फोटो फोनात साठवला आणि गावात येऊन पाठवला. पाठवल्याचा निरोप दिसेपर्यंत मी त्यांना फोन खिशात घालू दिला नाही.

बाकीच्या अडचणी लहान आहेत. फोन अडखळू लागला तर एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. बँकेचे किंवा सरकारचे पान उघडत नसेल तर आधी तारीख आणि वेळ पाहा. ती चुकलेली असली तर फोन त्या पानावर विश्वास ठेवत नाही. चार्जिंग होत नसेल तर भोकात धूळ किंवा कापसाचा धागा असेल. फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच काढा, सुईने नको. फोन भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नका. पुसून, वाऱ्यावर वाळू द्या. तांदळात पुरू नका, त्याचे पीठ आत जाते. पाठ फुगली असेल तर मात्र घरी काही करू नका. बॅटरी फुगली आहे, ती पेट घेते.

आता एक अडचण राहिली, आणि ती फोनची नाही. आपल्याच वर्गातले एक भाऊ. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला पोचले नाहीत. त्यांनी फोनातच मदतीचा आकडा शोधला आणि लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. म्हणाला, एक ॲप घ्या, मी इथून दुरुस्त करतो. त्या ॲपने भाऊंच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला. मग म्हणाला, पैसे परत घ्यायला पिन टाका. भाऊंनी टाकला आणि नऊ हजार गेले. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, देतानाच लागतो. मदतीचा आकडा बँकेच्या पासबुकावरून किंवा एटीएम कार्डामागून घ्यावा.

भाऊ लाजेने दोन दिवस गप्प बसले. तेवढ्यात पैसे पुढे गेले. असे झाले तर त्याच घडीला १९३० हा आकडा लावायचा आणि बँकेला कळवायचे. लवकर कळले तर पैसे वाटेत अडवता येतात.

काकूंनी १९३० हा आकडा दारामागे कोळशाने लिहून ठेवला आहे. त्या म्हणतात, फोनच अडला तर फोनातला आकडा कुठून पाहू?