व्यसन आणि त्याची परीक्षा

व्यसनाचें नांव निघालें कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें अफू, गांजा किंवा मोठ्या शहरांतील नव्या नव्या मादक गोळ्या उभ्या राहतात. गोंदिया जिल्ह्यांत मात्र ह्या विषयाला आरंभ खर्र्यापासून करावा लागतो. सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना हीं एकत्र घोटून बांधलेली ही पुडी पानठेल्यावर मिळते. ती शेतावर जाते, भाताच्या गिरणींत जाते, कचेरींत जाते आणि बापाच्या खिशांतून मुलाच्या हातींही जाते. दारू पिणारा निदान घरच्यांपासून तोंड लपवितो. खर्रा खाणारा तो पाहुण्यापुढें करितो. व्यसनाला प्रतिष्ठा मिळाली म्हणजे तें व्यसन वाटेनासें होतें, हीच येथील खरी अडचण होय.

ह्या अडचणीला आणखी एक बाजू आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे तेंदूच्या पानांचा आणि बिडीचा मुलूख. उन्हाळ्यांत पानें तोडावीं आणि मग बिड्या वळाव्या, ह्यावर कित्येक घरांची चूल पेटत आली. येथील शिक्षणसंस्थांशीं ज्यांचें नांव निगडित आहे ते मनोहरभाई पटेल बिडीच्याच व्यवसायांतले. तेव्हां तंबाखूला नुसते शिव्याशाप देऊन भागत नाहीं. तिनें येथें पोटही भरलें आहे आणि विद्येलाही हातभार लावला आहे.

तथापि शरीर हा हिशेब मानीत नाहीं. सुपारी ही एकटीच, तंबाखू न मिसळतांही, कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें दिलेला आहे. सुपारीनें गालांच्या आंतील अस्तर ताठर होत जातें. प्रथम तिखट सोसेनासें होतें, मग तोंड उघडेनासें होतें. २०१६-१७ सालच्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें २४ जण बिनधुराची तंबाखू सेवन करणारे आढळले.

कायदा ह्या बाबतींत मुका नाहीं. २००३ च्या कायद्यानें शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास बंदी आहे. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटखाबंदी आली. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलाच्या हातीं तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. परंतु जेथें पुडी आणावयास मुलालाच धाडतात, त्या घरांत कायदा शिरणार कोणत्या दारानें?

अशा वेळीं मनुष्य परीक्षेचा आधार शोधतो. लघवीचे चार थेंब टाकतांच कांहीं मिनिटांत गांजा, अफू इत्यादिकांचा माग सांगणाऱ्या पट्ट्या आतां विकत मिळतात. मुलगा उशिरा घरीं येतो, पैसे मागतो, अभ्यासांतून त्याचें मन उडालें आहे. बापाला वाटतें, एकदां तपासून घ्यावें. हा मोह स्वाभाविक आहे. परंतु पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाहीं, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

शरीरांत द्रव्याचा अवशेष आहे कीं नाहीं, एवढेंच ती सांगते. रोज गांजा ओढणाऱ्यानें तो सोडल्यावरही कित्येक आठवडे अवशेष सांपडूं शकतो. म्हणजे सुधारलेलाही अपराधी ठरतो. खसखशीचा पदार्थ किंवा कोडीनयुक्त खोकल्याचें औषध घेणाऱ्याच्या लघवींत अफूची खूण उमटूं शकते. तंबाखूची खूण कोटिनीन ह्या द्रव्यावरून ओळखतात. पण तंबाखू हाताळणाऱ्यांच्या अंगांत निकोटीन त्वचेवाटें व श्वासावाटेंही शिरतें. म्हणजे जन्मांत तंबाखू न चाखलेल्या, केवळ बिड्या वळणाऱ्या आईविरुद्धही ही परीक्षा साक्ष देऊं शकेल. म्हणूनच पहिल्या पट्टीचा निकाल अखेरचा मानूं नये. प्रयोगशाळेंत अधिक सूक्ष्म पद्धतीनें त्याची खात्री करून घ्यावी लागते.

कामाच्या जागीं परीक्षेला निराळें अधिष्ठान आहे. गोंदिया हें हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शन. आगगाडीच्या चालकाला कामावर रुजू होतांना यंत्रांत फुंकून आपण मद्य घेतलेलें नाहीं हें दाखवावें लागतें. मोटार चालविणाऱ्याच्या रक्तांत १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणें हा गुन्हा आहे. ही परीक्षा त्या वेळचें भान मोजते, चारित्र्य नव्हे. आणि शेंकडों जीव ज्याच्या हातीं आहेत त्याच्याबाबत ती न्याय्यच आहे. परंतु तेवढ्यावरून प्रत्येक कारकुनाची लघवी तपासावी, असें ठरत नाहीं. जेथें परक्याच्या जिवाला धोका नाहीं, तेथें मनुष्याच्या खाजगीपणाचा मान राखला पाहिजे.

शाळेला मात्र एक फार साधी परीक्षा उपलब्ध आहे. निरोगी मनुष्याच्या वरच्या व खालच्या दातांमध्यें सामान्यतः त्याचींच तीन बोटें उभीं मावतात. तीं मावेनाशीं झालीं तर दंतवैद्याकडे जावें. हींत चोर धरण्याचा हेतु नाहीं. मुलाला स्वतःच आपली स्थिति कळते. शिक्षकानें ही तपासणी सर्व वर्गाची करावी, एकट्या संशयिताची नव्हे. आणि त्या दिवशीं त्याच्या स्वतःच्या खिशांत पुडी नसावी.

परीक्षेहून महत्त्वाचा तिच्यानंतरचा दिवस. निकाल प्रतिकूल आला आणि बापानें हात उगारला, तर मुलगा व्यसन सोडीत नाहीं, खरें बोलणें तेवढें सोडतो. कायद्यानेंही हें ओळखलें आहे: १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यांतील कलम ६४-अ प्रमाणें केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी मनुष्यानें स्वेच्छेनें मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सोडल्यानंतरचे पहिले कांहीं दिवस चिडचिडीचे व निद्रानाशाचे जातात; तेवढे दिवस घरानें सोसले पाहिजेत. आणि ज्या घरांत मुलाची परीक्षा घ्यावयाची, त्या घरांत वडील माणसांनीं आपली पुडी आधीं बाहेर टाकावी, हें उघडच आहे.