देवडीवरचे जागरण



दर तीन आठवड्यांनी आमच्या दारावर एक चिठ्ठी लागते. 'बेल चार्जिंगला लावली आहे, कृपया कडी वाजवावी', एवढाच तिच्यातील मजकूर. परंतु मोबाईलवर अभ्यागताचे मुखदर्शन घडविणारी, सातासमुद्रांपलीकडून त्याच्याशी संभाषण करू देणारी आणि काळोखातही त्याची आकृती टिपून ठेवणारी अद्ययावत बेल ज्या दारावर बसविली आहे, त्याच दाराच्या मालकाला पाहुण्यांस कडी वाजविण्याची विनंती करावी लागावी, यातील विसंगती आमच्या जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येक इसमाच्या ध्यानात येते, आणि त्यांपैकी काही जण ती मोठ्याने बोलूनही दाखवितात.

ही बेल मी हौसेने घेतलेली नाही. आमची धाकटी कन्या टोरांटोला असते. आम्ही दोघे वृद्ध पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतो, दार कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी नाही याची तिला तिकडे चिंता लागते, म्हणून तिच्या आग्रहास्तव हे यंत्र दारी आले. खोक्यावर एकदा चार्ज केल्यावर सहा महिने चालण्याची ग्वाही छापली होती. माझी सारी नोकरी जिल्हा कोषागारात झाल्यामुळे कोणतीही ग्वाही वहीत उतरवून तिची मुदत पाहत बसण्याची खोड मला जडलेली आहे. त्या शिरस्त्याप्रमाणे मी एक वही घातली. पहिल्या खेपेस बेल चौदा दिवस चालली, दुसऱ्या खेपेस तेरा, आणि गणपतीच्या दिवसांत तर नवव्या दिवशी, म्हणजे ऐन गौरीजेवणाच्या मुहूर्तावर, तिने मान टाकली. ती बनविणाऱ्या कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदविली, तेव्हा वाय-फाय तपासावे, ॲप अद्ययावत करावे आणि बेल रीसेट करावी असे त्रिसूत्री उत्तर आले. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे' असे मी स्वतः पस्तीस वर्षे लोकांस कळवीत आलो असल्यामुळे त्या उत्तराचे मोल मला ताबडतोब उमगले.

आरंभीचा एक घोटाळा मात्र कंपनीचा नव्हे, केबलचा होता. नव्या मोबाईलबरोबर आलेली, दोन्ही टोके सारखी असलेली टाइप-सी केबल मी बेलला जोडली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी बेल जिथल्या तिथे! पुष्कळ स्वस्त उपकरणांत, 'मला पाच व्होल्टचा पुरवठा दे' अशी चार्जरकडे मागणी नोंदविणारे दोन चिमुकले रोधक बसविलेलेच नसतात. अशा उपकरणाला टाइप-सीचा चार्जर, अर्जावर सही नसल्यामुळे रक्कम अदा न करणाऱ्या कारकुनाप्रमाणे, कवडीही देत नाही. कपाटात पडलेली जुनी, एका टोकाला चपटी असणारी केबल मात्र कसलाही दाखला न मागता वीज देते. हे कळेपर्यंत आमच्या दारावरची चिठ्ठी चार दिवस हलली नव्हती.

तरीही मूळ प्रश्न राहिलाच. सहा महिन्यांची मुदत चौदा दिवसांवर का यावी? त्याचे उत्तर शोधताना मला शाळेत शिकलेल्या लेक्लांशेच्या घटाची आठवण झाली. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1831 च्या सुमारास दूर अंतरावरून विद्युच्चुंबकाच्या साह्याने घंटा वाजवून दाखविली. पण घरोघरच्या घंटेस सोसेल असा विजेचा पुरवठा मिळण्यास 1866 साल उजाडावे लागले, कारण त्या वर्षी जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थाने नवसागराचे पाणी, जस्ताची कांडी आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा तो घट सिद्ध केला. या घटाचा स्वभाव मोठा मानवी. सलग राबविले की तो थकतो, हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी त्याचा जोर मंदावतो, आणि थोडी विश्रांती मिळताच पुन्हा ताजातवाना होतो. घंटेला नेमका असाच चाकर हवा होता. कारण घंटेचे काम म्हणजे पाहुण्याने कळ दाबल्यावर क्षणभर किणकिणणे आणि नंतर पुढचा पाहुणा येईपर्यंत निवांत पडून राहणे. सरदारांच्या वाड्यांतून देवडीवर जे सेवक असत, त्यांपैकी आत वर्दी देणारा निराळा आणि रात्रभर पहारा करणारा निराळा. जुनी घंटा ही केवळ वर्दी देणारी होती.

नव्या बेलीवर आपण पहाऱ्याचेही काम टाकले, आणि तिचा मुशाहिरा मात्र वाढविला नाही.

आमच्या बेलीत लिथियम-आयनची बॅटरी आहे. जी विद्या सोनी कंपनीने 1991 मध्ये प्रथम बाजारात आणली आणि जिच्या पायाभरणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच विद्येचे हे अपत्य. पूर्ण भरली की 4.2 व्होल्ट आणि क्षमता 5,000 मिलिअँपिअर-तास. बेल निद्रिस्त असताना तिचा खर्च नगण्य असतो. तिच्या कपाळावर मनुष्यदेहातून निघणारी अवरक्त उष्णता ओळखणारा एक संवेदक जागा असतो, पण तो अल्पाहारी आहे. त्याच्यासमोरून एखादा उष्ण देह सरकला की तो कॅमेऱ्याला उठवितो, कॅमेरा वाय-फायला उठवितो, रात्र असेल तर अवरक्त दिवेही उजळतात, आणि क्षणापूर्वी घोरत असलेले हे लहानसे घर एकदम लग्नघर होऊन जाते.

आता कोषागाराच्या पद्धतीने हिशेब मांडू. अशा जागरणात सरासरी 300 मिलिअँपिअरचा प्रवाह अर्धा मिनिट वाहिला असे धरले, तर एका जागरणाचा खर्च अडीच मिलिअँपिअर-तास होतो. ॲपमधील नोंदी काढून पाहिल्या तेव्हा आमच्या दारासमोर दिवसाला सुमारे 140 जागरणे होत असल्याचे आढळले. म्हणजे रोजचा खर्च 350, आणि 5,000 भागिले 350, म्हणजे चौदा दिवस. माझ्या वहीशी हिशेब तंतोतंत जुळला! आणि या 140 पैकी खरोखर बेल दाबणारे किती? सहा. उरलेले 134 म्हणजे चौथ्या मजल्यावरची मंडळी, वर्तमानपत्रवाला, पार्सल घेऊन वर धावणारी मुले, कचरा नेणाऱ्या मावशी आणि आमच्या मजल्यावर कोणाच्याही मालकीचे नसलेले एक पिवळे मांजर. केवळ त्या सहा जणांसाठी बेल उठली असती तर, निद्रेतला किरकोळ खर्च सोडून, एका चार्जिंगवर तिचे अकरा महिने निघाले असते. तेव्हा खोक्यावरची ग्वाही अगदीच खोटी नव्हती. ती फक्त अशा घरासाठी होती, ज्याच्या दारावरून कोणी जात नाही. पुण्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत असे दार असलेच तर ते गच्चीचे.

कारण सापडल्यावर बंदोबस्त सोपा झाला. कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रातून जिन्याचा भाग वगळला आणि संवेदकाची तीव्रता कमी केली. दोन जाड भिंतींआड बसलेल्या राउटरचा आवाज ऐकण्यासाठी बेलीला पुन्हा पुन्हा जोर लावावा लागत होता, म्हणून राउटर बैठकीच्या खोलीत आणून ठेवला. जागरणे साठावर आली. एका वायरमनने मात्र निराळाच उपाय सुचविला होता. 'साहेब, जुन्या बेलच्या वायरी भिंतीत आहेतच, त्याच जोडून देतो, चार्जिंगची कटकटच मिटेल,' असे म्हणून त्याने पेचकस काढलाही होता. मी त्याला थांबवून माहितीपत्रक पुढे केले. त्यात 8 ते 24 व्होल्ट असा स्पष्ट उल्लेख होता, आणि आपल्याकडील दाराच्या बेलीला वर्षानुवर्षे थेट 230 व्होल्टचा पुरवठा केला जातो. उत्तर अमेरिकेतील घरांत दाराच्या घंटेसाठी बहुधा सोळा व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर बसविलेला असतो, तिकडच्या गरजेतून निर्माण झालेली ही वस्तू त्याच्याच आधाराने तेथे जगते. तो ट्रान्सफॉर्मर मध्ये न घालता तिला आपल्या वायरी जोडणे म्हणजे यंत्राचा आणि कदाचित जोडणाऱ्याचाही अंत्यविधी होय.

शिवाय वायर जोडली म्हणजे कटकट मिटते, हेही खरे नाही. कन्येच्या टोरांटोतील दाराला अशीच बॅटरीवरची बेल आहे आणि तिला रीतसर वायरी जोडलेल्या आहेत. परंतु त्यांतून बॅटरीस मिळते ती केवळ थेंबाथेंबाने गळणारी वीज, आणि जानेवारीत पारा शून्याखाली पंधरा अंशांवर गेला की तेवढीही ती स्वीकारीत नाही. याचे कारण मला मनोवेधक वाटले. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरून आपापल्या जागी बसतात. कडाक्याच्या थंडीत मात्र त्यांची गती मंदावते, थरांत शिरण्याऐवजी ते बाहेरच धातूच्या पुटाच्या रूपाने साचू लागतात, आणि हे पुट बॅटरीची क्षमता तर घटवितेच, पण वाढत गेले तर आत शॉर्ट सर्किट घडवून आणू शकते. म्हणून शून्य अंशाखाली चार्जिंग बंद ठेवण्याचा हुकूम यंत्रातच कोरलेला असतो. परिणामी, भिंतीत वीज, दारात वायर, आणि टक्केवारी मात्र रोज उतरती. कन्या बिचारी बर्फात उभी राहून बॅटरी काढते आणि स्वयंपाकघरात आणून चार्जिंगला लावते.

माझे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर नागपुरास स्थायिक झाले आहेत. चार्जिंगची दगदग नको म्हणून त्यांनी बंगल्याच्या पश्चिमाभिमुख फाटकावर बेलीसोबत सौर पट्टीही लावली. नागपुरात उन्हाला काय तोटा! परंतु अशा बॅटऱ्यांच्या चार्जिंगला वरची मर्यादाही असते, सामान्यतः 45 अंशांची, आणि मे महिन्यात दुपारी उन्हाने तापलेल्या फाटकावर ती केव्हाच ओलांडली जाते. सबब, सूर्यनारायण जेव्हा दोन्ही हातांनी उधळीत असतो, नेमक्या तेव्हाच त्यांची बेल ओंजळ मिटून बसते. त्यांनी हल्ली तिच्यावर पत्र्याची लहानशी पडवी काढली आहे आणि पट्टी तेवढी उन्हात ठेवली आहे. इतका थाट मी तुळशीवृंदावनाचाही पाहिलेला नाही.

जाता जाता एक सूचना, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. बॅटरीचे पोट फुगलेले दिसले, बेलीचे झाकण बसेनासे झाले, तर ती दाबून बसवू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जिंगला तर मुळीच लावू नये. घरच्या कचऱ्यात टाकण्यासही तिला मनाई आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

आता माझ्या वहीकडे परत येतो, कारण तिच्यात एक फरक शिल्लक राहिला होता आणि शिल्लक राहिलेला फरक मला झोपू देत नाही. साठ जागरणांचा खर्च रोजचा 150. त्या मानाने बेल तेहतीस दिवस चालायला हवी होती. ती चालली बावीस. म्हणजे रोज 227 खर्च होत होते, आणि सुमारे 77 मिलिअँपिअर-तासांचा ताळा कोणत्याच खात्यावर लागत नव्हता. 300 च्या प्रवाहाने भागले तर ही तूट रोजच्या पंधरा मिनिटांची भरते. बॅटरी निकृष्ट असावी असा मला संशय आला, आणि मी कंपनीला दुसरी तक्रार लिहावयास घेतली. आमच्या मंडळींनी मात्र, मोबाईलमधील नोंदी नीट चाळल्यास का, एवढाच प्रश्न विचारला. चाळल्या. जागरणांच्या नोंदींच्या खाली, मी आजवर ज्यांच्याकडे पाहिलेही नव्हते अशा, निराळ्या रंगाच्या काही नोंदी होत्या: कोणीतरी, बेल वाजली नसताना आणि दारासमोर कोणी आलेले नसताना, मोबाईलवरून आमच्या दाराचे थेट दृश्य उघडून पाहत होते. वेळ जवळजवळ रोज तीच, सकाळी साडेसातची. टोरांटोत तेव्हा, उन्हाळ्याच्या दिवसांत, रात्रीचे दहा वाजलेले असतात.

साडेसातला आमच्या दारासमोर विशेष असे काहीच घडत नाही. मी दुधाची पिशवी आत घेतो, कुंड्यांना पाणी घालतो, आणि मांजराला हाकलण्याचे नाटक करतो. मंडळी उंबरठ्यावर चार ठिपक्यांची रांगोळी काढतात आणि त्या वेळी माझ्याशी जे काही बोलतात, ते बेलीतील ध्वनिग्राहकाला स्पष्ट ऐकू जात असले पाहिजे. त्या रविवारी फोनवर मी कन्येला, बॅटरीचा अपव्यय होतो आहे, हे सांगण्याची सर्व तयारी केली होती, आकडेही समोर मांडून ठेवले होते. प्रत्यक्षात तिकडच्या हवेविषयी बोलणे निघाले आणि तेच लांबले.

कंपनीला लिहिलेली तक्रार मी पाठविली नाही. वहीत नवा रकाना पाडून त्यात रोजचे पंधरा मिनिट दाखल केले, हिशेबाचा ताळा पुरा झाला, आणि चिठ्ठी तीन आठवड्यांच्या मुदतीने कायम करण्यात आली. बदल एवढाच, की पूर्वी सकाळी दूध आत घ्यायला मी बंडीवरच दार उघडीत असे. हल्ली धुतलेला सदरा घालतो.