आपली आवड, आपलं गाव



साहित्याच्या व्याख्यानमालेत टीव्हीवरच्या गाण्यांचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. काम आहे. फोन करून आपलं गाणं मागता येई अशा वाहिन्यांची आठवण आज चाळिशी-पन्नाशीतली मंडळी फार हळवेपणानं काढतात. मी त्यांचं ऐकतो, तेव्हा जाणवतं की मागितलेलं गाणं त्यांना क्वचितच आठवतं. पडद्यावरच्या मुलीनं आपलं नाव घेतलं, पुढे ‘हुबळी’ म्हटलं, ते मात्र आठवतं.

मागण्याची ही सवय आपल्याकडे जुनीच. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. पुढे संगीत नाटकाला ‘वन्स मोअर’ची चटक लागली. पण तो मागणारा अंधारात बसलेला, बिननावाचा. मन्सूरअण्णांच्या किंवा गंगूबाईंच्या मैफलीत फर्माईश करणाऱ्याचंही नाव कुणी पुकारत नसे. नाव आलं ते रेडिओमुळे.

तेही सरळ आलं नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे होतं. आपलेच, पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे, अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’कडे गेले. १९५७ साली विविध भारती निघाली, ती या गळतीला उत्तर म्हणून. (केसकरांचा हट्ट धारवाडला मात्र मानवला, असं माझं मत आहे. १९५० साली सुरू झालेल्या या केंद्राच्या हाताशी होते तसे आणि तितके गवई किती केंद्रांना लाभले?) मग फर्माईशींचा पूर आला. बिहारातलं, आता झारखंडात असलेलं झुमरी तिलैया हे गाव साऱ्या देशाला ठाऊक झालं, ते निव्वळ तिथल्या लोकांनी पाठवलेल्या पत्रांमुळे.

‘फर्माईश’ आणि ‘फर्मान’ ही सख्खी भावंडं. राजानं काढलं की फर्मान, रसिकानं केली की फर्माईश. दोन्हींत हुकूम आहेच. कन्नडमध्ये ‘कोरिके’ म्हणतात, त्यात विनवणी आहे. मराठीनं दोन्ही टाळून कार्यक्रमाला नाव दिलं ‘आपली आवड’. ‘माझी’ नव्हे, ‘आपली’. एकानं मागायचं, सगळ्यांनी ऐकायचं.

सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. मध्यम लहरी रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर जातात, त्यामुळे दिवसा न लागणारी सांगली रात्री हुबळीत कधी स्पष्ट, कधी खरखरत लागायची. तुमच्यापैकी कितीजणांनी त्यासाठी रेडिओ कानाशी धरून अंगण पालथं घातलं असेल! त्याच्या सात वर्षं आधी, १९५६ च्या नोव्हेंबरात, आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलो होतो. दुकानावरची पाटी बदलली, कचेरीतली भाषा बदलली, मुलांच्या शाळा बदलल्या. तक्रार म्हणून सांगत नाही. या मातीनं आपल्याला परकं मानलं नाही. पण मराठीत छापलेल्या कागदावर ‘हुबळी’ हा पत्ता हळूहळू दिसेनासा झाला. अशा दिवसांत सांगलीहून एखादी बाई शुद्ध मराठीत नावांची यादी वाचायची आणि त्यात ‘हुबळीहून’ असा शब्द यायचा. पोस्टकार्डाच्या किमतीत आपण अजून त्या नकाशावर आहोत याची पोच मिळायची.

टीव्ही आला, तेव्हा मागण्याचा हा हक्क आधी गेलाच. ‘चित्रहार’मध्ये जे लागेल ते बघायचं. पुढे नव्वदच्या दशकात केबल आली आणि त्यानंतर कन्नड संगीत-वाहिन्यांवर थेट फोन घेणं सुरू झालं. तासभर नंबर फिरवायचा. लागला की पलीकडून प्रश्न: हेसरु? ऊरु? मराठी घरातलं पोरगं झकास हुबळी-कन्नडात नाव-गाव सांगायचं, राजकुमारांचं गाणं मागायचं आणि ते ‘अज्जी’ला अर्पण करायचं. शेजारी बसलेल्या म्हातारीला ‘आजी’ ऐकू यायचं. कुणाचंच काही चुकत नव्हतं.

बघा, काय घडलं होतं. आजोबांनी सांगलीला मराठीत पत्र लिहिलं, नातवानं बंगळूरच्या वाहिनीला कन्नडात फोन केला. काहीजण याला ऱ्हास म्हणतात. मला ते पटत नाही. नातवाला गाणं ज्यांच्याबरोबर ऐकायचं होतं, ते सवंगडी कन्नडच बोलत होते. पण एक गोष्ट खरी. त्या वाहिनीवर मराठी गाणं मागण्याची सोयच नव्हती. ‘नाइन एक्स झकास’ ही मराठी गाण्यांची वाहिनी निघाली २०११ साली. तोवर त्या नातवाची मागायची हौस संपून गेली होती.

अमेरिकेत ‘द बॉक्स’ नावाची वाहिनी होती. १९८५ साली मायामीत सुरू झालेली. प्रेक्षकानं पैसे भरून फोन करायचा, चित्रफितीचा आकडा दाबायचा. गंमत अशी की तिचं यंत्र जागोजागच्या केबलवाल्याकडे बसवलेलं असे. म्हणून ज्या गावानं जे मागितलं, ते त्या गावालाच दिसे. शेजाऱ्यांची आवड घरबसल्या कळायची, आणि तिचा वैतागही यायचा. २००१ साली एमटीव्हीनं ती आपल्या दुसऱ्या वाहिनीत मिटवून टाकली. तिच्यासाठी हळहळणारे लोक आजही तिकडे भेटतात आणि ते आपल्यासारखंच बोलतात.

आज मोबाईलला सांगितलं की हवं ते मराठी गाणं क्षणात लागतं. केवढी सोय! धारवाडच्या सप्तापूरमधली एखादी मुलगी रात्री अभंग ऐकत असेल, पलीकडच्या गल्लीतला मुलगाही तोच ऐकत असेल. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. तिनं कुणाकडे मागितलेलं नाही, म्हणून तिचं नावही कुठे वाचलं जात नाही.

जाता जाता एक काम सांगतो. पूर्वी कित्येक घरांत वही असे: अमुक तारखेला अमुक गाणं लागलं, नावं वाचली ती ही. पत्रं केंद्रांकडे गेली, ती आता मिळायची नाहीत. वह्या मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत असू शकतात. तुमच्याकडे असेल तर रद्दीत घालण्याआधी मंडळाला दाखवा. फोनवर गाणी मागणाऱ्या पोरांच्या वह्या असतील, त्याही आणा; कन्नडात लिहिलेल्या असल्या तरी चालतील.