मोठा मासा जगला म्हणून पाणी चांगले नव्हे
(चांदूर रेल्वे येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत मासे कुठून आले, असे तुम्ही विचाराल. तलावातले मासे भोई बांधवांचे, पण तलावात उतरणारे पाणी आपल्या वावरातूनच जाते.

ज्वारीला खोडमाशी केव्हा गाठते? उगवल्यावर पहिल्या महिन्यात. माशाचेही तसेच. रोहू, कटला नदीच्या पुरात अंडी घालतात. ताजे अंडे पाणी शोषून फुगते, तेव्हाच पाण्यातले तांबे, जस्त, कॅडमियम आत शिरतात. अंड्याचे कवच थोडे अडवते, तरी पिल्लू उशिरा निघते, कण्यात वाकडे निघते. बाहेर पडलेल्या जिऱ्याला तर कवचही नाही. तांबे त्याच्या अंगातले मीठ टिकू देत नाही, ते मरते आणि कोणाला दिसतही नाही. बोटुकली जगते, पण तिचे वास घेणे बिघडते, शत्रू कळत नाही. मोठा मासा तगतो आणि धातू काळजात, मूत्रपिंडात साठवतो. पारा तर मांसात साठतो, मादीकडून अंड्यात उतरतो. असे मासे खाऊन जपानच्या मिनामाटात माणसे लुळी पडली. तो रोग १९५६ साली उघड झाला.

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला. राख कोलार आणि कन्हान नदीत गेली. कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक, पारा असतो. आणि जुलै म्हणजे माशांच्या विणीचा महिना! मेलेले मासे तरंगले तरच चौकशी, हा न्याय आम्हाला मान्य नाही. पाणी तपासायचे तर जिऱ्यावर तपासा.

हे सरकारला सांगताना आपलेही वावर पाहू. कपाशीच्या करप्यावर, मरीवर आपण कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरतो, संत्र्यावर बोर्डो मिश्रण. एक टक्का बोर्डोच्या एका लिटरात अडीच ग्रॅम तांबे असते. जिऱ्याला मारायला लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशही पुरतो. चुनखडीच्या पाण्यात तांब्याचा जोर कमी पडतो, पावसाच्या मऊ पाण्यात वाढतो.

म्हणून फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका. धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारा. पाऊस अंगावर आला असेल तर फवारणी थांबवा. आपले औषधही वाया जाणार नाही, भोयांचे बीजही वाचेल. बियाणे मेल्यावर हंगामाचे काय होते, हे कोरडवाहू शेतकऱ्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.