विमाने थांबली तेव्हा



विमानविद्येतले आम्हांस काही कळत नाही. त्या आशेने कोणी आले असतील तर त्यांची आधीच क्षमा मागतो. आम्ही बोलणार आहोत ते विमाने थांबली त्या काळाविषयी, आणि त्या काळात नगरच्या माणसाला आपला जिल्हा कसा दिसला त्याविषयी.

१८९६ साली प्लेग मुंबई बंदरात उतरला आणि पुढे आगगाडीने घाट चढून आला. करोनाला तेवढाही वेळ लागला नाही. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यास सापडले. ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. २५ मार्चला देशातली प्रवासी विमाने जमिनीवर आली. शिर्डीसाठी काकडीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला आपला विमानतळ तिसऱ्याच वर्षी ओस पडला.

दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, देशातली उड्डाणे पुन्हा सुरू झाली. पण ते विमान पूर्वीचे नव्हते. तोंडाला मास्क, त्यावर पारदर्शक ढाल, आणि मधल्या खुर्चीवरच्या माणसाच्या अंगात झगा! भाड्याची वरची व खालची मर्यादा सरकारने ठरविली, ती ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत राहिली. परदेशची नियमित विमाने तर २७ मार्च २०२२ लाच सुटली.

आम्हीही उत्तरेकडे जाण्याची तिकिटे काढून बसलो होतो. ती रद्द झाली आणि पैसे एका कंपनीकडे अडकले. जिल्ह्याबाहेर जावयास ई-पास लागे. ती अट २ सप्टेंबर २०२० रोजी उठली, पण मनातली भीती उठली नाही. मुक्काम नको, उपाहारगृह नको. घरून भाकरी बांधून घ्यावी आणि दिवेलागणीला परतता येईल एवढेच अंतर धरावे, असे आम्ही ठरविले. पंडित नेहरूंनी भारताचा शोध घेणारा आपला ग्रंथ १९४४ साली आपल्या किल्ल्यात बंदिवान असताना लिहिला. आम्हांस जिल्ह्याचा शोध लागावयास टाळेबंदी लागली!

त्या हिवाळ्यात प्रथम गेलो ते चांदबिबीच्या महालावर. गावातून दिसणारी ती अष्टकोनी तीनमजली इमारत चांदबिबीची नव्हेच; निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. उभा जन्म नगरात काढून हे आम्हांस ठाऊक नव्हते, हे या सभेत कबूल करावयास लाज वाटते. मग निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले. दगडगोटे पाण्याच्या भोवऱ्यात फिरून फिरून काळा कातळ असा कोरला जातो, हे शाळेत वाचले होते. पण त्या काठावर उभे राहिल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पेडगावला भीमेकाठच्या किल्ल्यात गेलो. संभाजीमहाराजांना १६८९ साली कैद करून जेथे आणले ती ही जागा. तेथे डबा उघडावयास मन झाले नाही.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अकोले तालुक्यातल्या एका वाडीच्या तोंडाशी काट्यांचे कुंपण आडवे घातलेले होते. पलीकडे एक म्हातारेबाबा बसले होते. म्हणाले, “पाहुणं, कुठून आलात?”

आम्ही म्हटले, “नगरहून, बाबा. लांबचे नाही.”

“मग तुमचा आजार तुमच्यापाशीच असू द्या. हितं दवाखाना न्हाई.”

आम्ही गाडी वळविली. दुबईहून आलेल्यांना आम्ही घरी बसून नावे ठेवीत होतो. त्या वाडीला आम्हीच दुबईचे होतो.

आणि विमानाला तरी नावे किती ठेवावी? शिर्डीचे साईमंदिर १७ मार्च ते १६ नोव्हेंबर २०२० बंद होते. आसपासच्या शेतकऱ्यांची फुले दूरच्या भक्तांवर अवलंबून. आम्ही निघोजला जाऊन भाकरी खाल्ल्याने त्यांचा एक हार खपत नव्हता. मंदिर उघडले तरी हारफुलांवरची बंदी उठली नाही, आणि २०२२ साली त्या शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले. जवळची वाट ज्याला सापडली त्याने हेही पाहावे.

आता विमाने भरून जातात, आणि पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. वाडीवरचे कुंपण केव्हाच निघाले. पुढल्या खेपेस बाबांनी आम्हांस चहा दिला, आणि आमच्यासारख्यांनी ओढ्यात टाकलेल्या बाटल्याही दाखविल्या.

तिकिटांचे पैसे पुढे मिळाले. त्यांचे काय केले म्हणाल, तर मोटारीचे टायर बदलून घेतले. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ पाहावयाचे अजून राहिले आहे.